पहिलं तेल

"लाकूड हाताक कसा लागता रे?" मी खालून विचारलं.

"लाकडासारखा," सुधाकर वरून म्हणाला.

मी मान वर करून उभी होते. माझ्या डोक्यावर आठ फुटांवर आमच्या ट्रॉलरचा काठ होता आणि काठावर कोपरं टेकून माझा धाकटा भाऊ सुपारी चघळत होता. नवी फळी ओलसर लागते की कोरडी, थंड लागते की कोमट, एवढंच मला हवं होतं. त्याने न वळताच हात मागे नेला, फळीवर एकदा फिरवला आणि सुकी असा म्हणून सांगितलं. ज्या हाताने फळी चाचपली त्याच हाताने मग डोकं खाजवलं. अशा माणसाच्या तळव्यावर विश्वास ठेवून मला माझं काम करायचं होतं.

शिडी होती. माझ्यापासून चार पावलांवर होडीला टेकवलेली होती. पण आमच्या घरात रीत अशी, की होडी किनाऱ्यावर ओढून तिचं डेक एकदा उघडलं, की पूजा होऊन ती परत पाण्यात जाईपर्यंत बाईमाणसाने तिला पाय लावायचा नाही. होडीचं नाव ‘भागीरथी’. ते माझ्या आजीचं नाव. आजीच्या नावाच्या होडीवर आजी स्वतः जन्मात चढली नव्हती, आणि याचं घरात कोणाला हसू येत नसे.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची, देवगडच्या खाडीकाठची. त्या वर्षी मी माहेरी परत आले होते. नवऱ्याशी पटलं नाही. त्याचं पुराण इथे नको. गोव्यात होड्या बांधायच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं काढली होती. तिथे आम्ही अकरा बायका काचेचं कापड अंथरून त्यावर रेझिनचा घट्ट होणारा चीक चढवायचो आणि आमच्या पायांनी एकही होडी बुडाली नव्हती. येताना कपड्यांची एक बॅग आणली आणि इपॉक्सी नावाच्या भारी रेझिनचे दोन मोठे डबे. माहेरी भावजयीच्या चुलीपुढे पाहुणीसारखं बसून राहायचं नसेल, तर मला गावातच काम उभं करायला हवं होतं. बंदरात लाकडी ट्रॉलर तीसेक तरी होते आणि निम्म्यांची डेकं कुजायला लागली होती. पहिलं काम घरच्या होडीचं. ते टिकलं, तर बाकीचे मालक येणार होते. नाही टिकलं, तर मी पुन्हा गोव्याच्या गाडीत बसणार होते. हे मला ठाऊक होतं आणि गावालाही ठाऊक होतं.

बर्फाच्या खणावरच्या, जाळं ओढायच्या विंचजवळच्या सात फळ्या कुजल्या होत्या. त्या काढून फणसाच्या नव्या बसवल्या. त्यांना इपॉक्सी पाजायचं, काचेचं कापड बसवायचं, परत इपॉक्सीचे हात द्यायचे, वर रंग, म्हणजे ऊन त्याला खात नाही. विंचच्या बोल्टांचंही मी ठरवून ठेवलं होतं. भोकं आधी मोठी पाडायची, ती इपॉक्सीने गच्च भरायची, आणि ते दगडासारखं झालं की त्याच्या मधोमध बोल्टापुरतं नवं भोक. मग बोल्टाच्या कडेने पाणी उतरलं तरी लाकडाला शिवत नाही. हे सगळं मी खालून सांगायचं आणि सुधाकरने वर करायचं. सुधाकर आळशी खरा, पण सांगितलेलं चोख करायचा.

इपॉक्सीचं एक आहे. ते फार मानी असतं. साध्या फायबरच्या रेझिनमध्ये घाईगडबडीत ते घट्ट करणारं हार्डनर थोडं जास्त पडलं तर काम लवकर सुकतं. इपॉक्सीत जास्त पडलं तर ते जन्मभर चिकट राहतं. दोन मापं रेझिन, एक माप हार्डनर, बस. आणि त्याला ओल चालत नाही, तेल तर अजिबात चालत नाही. तेलावर ते वरवर सुकतं, चकाकतं, अगदी खरं वाटतं, पण आत धरत नाही.

आणि बाबांच्या होडीत नवी फळी बसली, की तिला मोरी माशाच्या काळजाचं तेल पाजायची रीत. पहिलं तेल मालकाने द्यायचं, तेही फडक्याने नाही, तळव्याने. लहान मुलाला आंघोळीआधी चोळतात तसं. बाबा तांडेल होते. चाळीस वर्षं त्यांनी होडी हाकली आणि जितक्या फळ्या बदलल्या तितक्यांना स्वतःच्या हाताने तेल दिलं. मी त्यांना तीनदा बजावलं. या खेपेला तेल नाही, एक थेंबही नाही, नंतर कधीतरी देऊ असंही नाही. तिन्ही वेळेला ते ‘बरा’ म्हणाले. आयुष्यात कोणाचं न ऐकणारा माणूस तीनदा बरं म्हणतो, तिथेच मला शंका यायला हवी होती. मला उलट अभिमान वाटला, की बाबांनी माझं ऐकलं.

फळ्या बसवून तीन दिवस आम्ही नुसत्या उन्हात ठेवल्या. चौथ्या दिवशी दुपारी चारला पहिला हात द्यायचा ठरलं. सकाळी देत नाहीत, कारण ऊन चढत असताना लाकूड आतली हवा बाहेर टाकतं आणि सगळ्या थरात बुडबुडे येतात. ऊन उतरायला लागलं की तेच लाकूड आत ओढून घेतं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते प्रथमच माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "ह्या तुका कोणी शिकवल्यान?" गोव्याच्या सुपरवायझरने, असं मी सांगितलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी ही गोष्ट आईला स्वतः शोधून काढल्यासारखी सांगितली.

चौथ्या दिवशी दुपारी सुधाकर आणि बाबा जेवायला घरी गेले. मी डब्यांपाशी मांडवाखाली थांबले. आईने भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी पाठवली होती. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. भाकरी खाल्ली, हात धुतले, आणि शिडीकडे बघत बसले.

माझ्या एका आत्याने लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याचा विसरलेला डबा द्यायला उघड्या होडीत पाय ठेवला होता. त्याच मोसमात तिचा नवरा वादळात गेला. पुढे तीस वर्षं ती आमच्या ओटीवर भांडी घासत राहिली आणि तीस वर्षं कोणी ना कोणी तिच्या पायाकडे बघत राहिलं. हे सगळं मला माहीत होतं. पण सुधाकरचा तो डोकं खाजवणारा हातही मला माहीत होता. माझा पहिला हात मी न बघितलेल्या लाकडावर पडणार होता आणि ते मला सहन होईना.

मी चपला काढल्या. का काढल्या, देव जाणे. देवळात जाताना काढतात तशा शिडीच्या पायथ्याशी नीट जोडून ठेवल्या आणि वर गेले.

डेकवर गुडघे टेकून मी तळवा फळीवर ठेवला. तो घसरला. फळी छान गुळगुळीत होती, तीन दिवस उन्हात तापलेलं फणसाचं लाकूड असायला हवं त्याहून कितीतरी मऊ. रंग गडद झाला होता. बाटलीतलं पाणी थेंबभर सोडलं. थेंब पसरला नाही, अळवाच्या पानावर राहतो तसा गोल उभा राहिला. दुसऱ्या फळीवर तेच, तिसऱ्या फळीवर तेच. सातही फळ्या मी तपासल्या. तळवा नाकाशी नेला आणि मग शंकेला जागाच उरली नाही.

मला बाबांचा इतका राग आला की मी तशीच खाली उतरून घरी जाऊन त्यांच्या पानावरून त्यांना उठवणार होते. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तो राग गेला आणि त्याच्या जागी भीती आली. कारण मी काय सांगणार होते? फळ्यांना तेल लागलंय. तुला कसं कळलं? हात लावून. हात कुठून लावलास?

वासाने कळलं असं म्हणावं, तर सगळा किनाराच वर्षानुवर्षं त्या तेलाच्या वासाचा. सुधाकरचा हात बघून कळलं म्हणावं, तर तो जेवायला जाताना हात धुऊन गेलेला. आणि खरं सांगितलं असतं, तर काम त्याच घडीला थांबलं असतं. गुरवाला बोलावणं, होडी शुद्ध करणं, आईचं रडणं, आणि गावात तासाभरात बातमी, की नवऱ्याला सोडून आलेली जगन्नाथ तांडेलाची पोर उघड्या होडीवर चढली. त्यानंतर मला कोणी आपल्या होडीच्या सावलीत उभं केलं नसतं.

उपाय होता. तेल लागलेलं लाकूड अ‍ॅसिटोनने पुसायचं, प्रत्येक वेळी फडकं नवं घ्यायचं, मग पॉलिशपेपर मारायचा, परत पुसायचं. थेंब पसरायला लागेपर्यंत हे करत राहायचं. दोन दिवसांचं काम. पण ते करणाऱ्याला तेल काढतोय हे ठाऊक हवं.

चारला दोघे परत आले. सुधाकर वर चढला. बाबा मांडवात पालथ्या टोपल्यावर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी अ‍ॅसिटोनचा डबा आणि फडक्यांचं गाठोडं दोरीने वर पाठवलं.

"ह्या लावन आधी पुसून घे," मी म्हटलं.

"कित्याक? फळये सुकेच असत."

बाबा बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण त्यांनी श्वास धरून ठेवलाय हे मला कळत होतं. एक शब्द म्हणायचा होता, तेल. तोंडापर्यंत आलेला तो शब्द मी गिळला.

"धूळ असा," मी म्हटलं.

बाबांनी बिडी काढली. अ‍ॅसिटोनजवळ बिडी नको, लांब जा, असं मी त्यांच्यावर खेकसले, आणि ते उठून लांब गेले. बाबांवर मी खेकसले आणि त्यांनी ते ऐकून घेतलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

सुधाकरने धूळ पुसतात तशी धूळ पुसली. एकच फडकं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी सांगितलं म्हणून परत एकदा, त्याच फडक्याने. फडकं बदल, असं मी म्हटलं, तर म्हणाला, धुळीक कित्याक इतकी फडकी? उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं.

मग मी कप ढवळायला घेतला. दोन मापं, एक माप. मे महिन्यात कप हातात पंधरा मिनिटांत तापतो, म्हणून थोडं थोडं करत मी वर पाठवत राहिले. मनात म्हणत होते, थोडं तेल आहे, उन्हाने उडून गेलं असेल, अ‍ॅसिटोनने निम्मं तरी निघालं असेल, इपॉक्सी चांगलं आहे, धरेल. इतकी वर्षं हे काम केलेली मी, मला ते धरणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. पण अंधार पडेपर्यंत मी ढवळत राहिले.

काम दिसायला फार सुंदर झालं. बोल्टांची भोकं सुधाकरने मी सांगितल्याप्रमाणे बिनचूक भरली. कापड कुठे सुरकुतलं नाही. वर राखाडी रंग दिला तेव्हा लोक बघायला आले. वासू मोंडकर, ज्याचे बंदरात दोन ट्रॉलर होते, तो शिडीवरून वर जाऊन पायाने दाबून आला आणि म्हणाला, "रोयणी, पुढच्या वर्सा माझ्या दोनय होडयांचा तूच करूचा." त्याला वर जाता येत होतं. मी खाली उभी राहून होय म्हटलं. त्या दिवशी भावजयीने मला पहिल्यांदा माशाची मधली तुकडी वाढली आणि मला वाटलं, आता मी या घरात राहणार.

ऑगस्टमध्ये होडी पाण्यात गेली. आम्ही बायकांनी किनाऱ्यावरून ओवाळलं. सप्टेंबर गेला, काही झालं नाही. माझा जीव थोडा खाली बसला.

ऑक्टोबरात भर दुपारी बंदरावरून निरोप आला. जाळं ओढताना विंचपाशी बाबांचा पाय अडकला. कापडाची कड लाकडापासून सुटून वर आली होती आणि तिच्याखाली पाणी गेलं होतं. त्या कडेत पाय गेला आणि बाबा तसेच उघड्या बर्फाच्या खणात कोसळले. मांडीचं हाड कमरेजवळ मोडलं. रत्नागिरीला नेलं, शस्त्रक्रिया झाली, पण ते नंतर कधी काठीशिवाय उभे राहिले नाहीत आणि होडीवर तर कधीच गेले नाहीत.

आठवड्याने सुधाकरने ते कापड उपटून आणलं आणि अंगणात माझ्यापुढे टाकलं. उपटायला जोर लावावाच लागला नाही, म्हणाला. अख्खं एका तुकड्यात आलं होतं. मी ते उलटं केलं. खालची बाजू काचेसारखी साफ होती, लाकडाचा एक तंतू तिला चिकटला नव्हता.

"ताये, ह्या असा कसा झाला?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आतल्या खोलीत बाबा खाटेवर होते आणि दार उघडं होतं.

"हार्डनर जुना असतला," मी म्हटलं.

आत खाट एकदा करकरली.

गावाने मग आपलं सांगून टाकलं. गोव्याचं औषध भेसळीचं, आणि हे बायकांचं काम नव्हेच. तेल न पोचलेल्या आतल्या लाकडातली बोल्टांची भोकं दगडासारखी टिकली होती, तिथे पाण्याचा टिपूस उतरला नव्हता, पण ते कोणी बघितलं नाही. वासू मोंडकर समोरून आला की समुद्राकडे बघत जायचा. डिसेंबरात मी गोव्याला परत गेले. त्याच कारखान्यात, त्याच मांडवात, फक्त आता पोरी माझ्याहून लहान होत्या.

महिन्या-दोन महिन्यांनी मी बाबांना बघायला यायची. चार वर्षं ते बहुतेक खाटेवरच होते. बोलणं कमी झालं होतं. माझ्याशी तर ते फारच जपून बोलायचे, पाहुण्याशी बोलतात तसं, आणि मला वाटायचं, त्यांनी मला माफ केलेलं नाही.

चौथ्या वर्षी एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. दोन चमचे घेऊन त्यांनी माझा हात बाजूला केला.

"रोयणी, त्या फळयांक मी तेल दिललंय."

मी चमचा वाटीत ठेवला.

"तू तीनदा सांगितलेलस. मी बरा म्हटलंय. पण नवी फळी कोरडी ठेवक माझ्यान झाला नाय. सकाळी सुधाकर येवच्या आधी गेलंय आणि दिलंय. मगे तू धूळ म्हटलस, तेव्हा माका वाटला, सुटलंय." ते थांबले. बोलताना त्यांना दम लागायचा. "तुजो धंदो मी बुडवलंय. लोक तुका बोलत होते आणि मी हय पडान आयकत होतंय. चार वर्सा गप रवलंय."

चार वर्षं मला वाटत होतं, त्यांनी मला माफ केलेलं नाही. आणि चार वर्षं ते माझ्याकडे बघूही शकत नव्हते.

"तुका त्या दिवशी वर चढाक दिली असती, तर हात लावताच तुका कळला असता," ते म्हणाले. "मीच नको म्हटलंय. माझोच पाय मोडलो, ता बरा झाला."

सांगायची वेळ ती होती. एका वाक्यात सांगून झालं असतं. बाबा, मी वर चढले होते. मला कळलं होतं. त्यांचं निम्मं ओझं तिथल्या तिथे माझ्याकडे आलं असतं आणि उरलेले दिवस त्यांना जरा सोपे गेले असते. पण मला त्यांचा राग होता. मी गोव्याला परत गेले त्याचा, त्या तीनदा बरं म्हणण्याचा, शिडीचा, आजीच्या नावाचा, आणि सगळ्यात जास्त याचा, की त्यांनी गप्प राहून माझं नाव जाऊ दिलं. मीही तेच केलं होतं, त्यांचा पाय जाऊ दिला होता. हे मला त्या क्षणी ठाऊक होतं आणि तरीही माझा राग कमी झाला नाही.

"होय बाबा," मी म्हटलं. "हात लावलो असतो तर कळला असता."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग त्या म्हाताऱ्या तांडेलाने, ज्याने जन्मात कोणापुढे मान वाकवली नव्हती, आपल्या लेकीपुढे दोन्ही हात जोडले.

मी ते हात धरून खाली केले, आणि त्यांना माफ केलं.